अस्सीपलीकडची परीक्षा

आईचं मासिक श्राद्ध आलं की आदल्या दिवशी मी दर्भ निवडायला बसतो, आणि दर वेळी मला आधीचं एक वर्ष आठवतं. ते अण्णांचं वर्ष होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. माणूस गेल्यावर पहिलं वर्ष कसं काढायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे. तिथी कुठली, जेवायला किती ब्राह्मण सांगायचे, कुठल्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, सगळं ठरलेलं. मन कुठेही असलं तरी हात काम करत राहतात आणि वर्ष सरतं. पण त्याच वर्षात कायद्याच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसायचं असेल तर काय करायचं, हे मला कोणी सांगू शकत नव्हतं.

आम्ही काशीत ब्रह्मा घाटावरच्या एका गल्लीत राहायचो. खाली वेदपाठशाळा आणि वर आमचे दोन कमरे. अण्णा त्या पाठशाळेत ऋग्वेद शिकवायचे आणि कमरे त्या नोकरीबरोबर मिळालेले होते. मुंज झाल्यावर काही वर्षं मीही त्यांच्यापुढे बसून संथा घेतली. संथा म्हणजे गुरुजींनी एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. पुस्तक उघडायचं नाही. स्वर वर गेला की अण्णा माझ्या डोक्यावर ठेवलेल्या हाताने डोकं वर करायचे, खाली आला की खाली. पुढे मला शाळेची आणि वाचनालयाची ओढ लागली आणि वेद मागे राहिला. अण्णा रागावले नाहीत. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की जे शिकशील ते तोंडात पाहिजे.

बी. ए. झाल्यावर मी म्हटलं की मला वकिलीचं शिकायचं आहे, त्यासाठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते. अण्णा गंध उगाळत होते. हात थांबला.

"तू? न्यायालयात? अरे, तुला भाजीवालीशी दोन शब्द बोलता येत नाहीत. परवा सडका भोपळा घेऊन आलास आणि वर तिला नमस्कार करून आलास."

"अण्णा, त्यात वाचायचं खूप असतं."

"असं होय? मग ठीक आहे." त्यांनी पुन्हा गंध उगाळायला घेतलं. "पाठ किती करायचंय ते सांग."

परीक्षेत इंग्रजी होतं, तर्काचे प्रश्न होते, कायद्याबद्दल थोडं होतं, आणि सगळ्यात मोठा भाग सामान्य ज्ञानाचा होता. त्यासाठी मी गोदौलियाच्या फुटपाथवरून एक जाडजूड हिंदी गाईड आणलं. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि परत दिलं तेव्हा त्याची शिवण उसवलेली होती. पानं सुटी करून, दोन लाकडी पाट्यांमध्ये ठेवून, वर तांबडं कापड बांधलं होतं. गाईडाची पोथी झाली होती.

"आता हे धरता येईल," ते म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी संध्या झाली की ते मला सामान्य ज्ञानाची संथा द्यायचे. काशीत जन्म जाऊनही त्यांची हिंदी मराठी वळणाची होती, त्यात त्यांनी वाक्यांना आपोआप एक चाल दिली. सबसे बड़ा देश सोवियत संघ. सबसे बड़ा महाद्वीप एशिया. सबसे लंबी नदी नील. ते एकदा म्हणायचे, मी दोनदा. आई आतून म्हणायची, "अहो, शेजारी विचारतात हा कुठला नवीन वेद काढलात." अण्णा हसायचे नाहीत. त्यांच्या मते पाठ म्हणजे पाठ, त्यात थट्टा नाही. शोध आणि शोधक, राज्यं आणि राजधान्या, घटनेतली कलमं, सगळं त्यांनी माझ्या तोंडात बसवलं. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. मला अभिमान वाटायचा. परीक्षेला जाताना मी निर्धास्त होतो.

वर्गात बसल्यावर काय झालं ते आमच्यासारख्यांनाच होऊ शकतं. प्रश्न होता सर्वांत उंच धबधब्याचा. उत्तर मला येत होतं, पण ते माळेत होतं. धबधब्यापर्यंत पोचायला मला सोवियत संघापासून निघावं लागत होतं. मधूनच सुरुवात केली तर काहीच पुढे येत नव्हतं. मी डोळे मिटून पहिल्यापासून म्हणायचो, धबधबा आला की खूण करायचो, पुढचा प्रश्न एखाद्या कलमाचा असायचा, मग घटनेची माळ पहिल्यापासून. पर्यवेक्षक दोनदा माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "मन में पढ़िए, मन में," ते म्हणाले. मला कळलंच नव्हतं की माझे ओठ हलत आहेत आणि मान स्वरांबरोबर वर-खाली होते आहे. घंटा झाली तेव्हा पेपरचा मोठा भाग कोरा होता.

यादीत माझा नंबर नव्हता.

अण्णांनी विचारलं, "पाठ कुठे चुकला?"

"पाठ चुकला नाही, अण्णा. वेळ पुरला नाही."

"म्हणजे आवृत्त्या कमी पडल्या." त्यांनी मान हलवली. "दसऱ्यापासून पुन्हा धरू."

मी त्यांना सांगायला हवं होतं की आवृत्त्यांनी हे सुटणार नाही. सांगितलं नाही, कारण मलाही तेव्हा ते नीट कळलेलं नव्हतं. दसऱ्यापासून आम्ही पुन्हा धरलं. थंडी सुरू झाली आणि त्यांना खोकला लागला. आधी काढा झाला, मग वैद्य, मग डॉक्टर. ते अंथरुणावर असताना मी रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. एके दिवशी त्यात आलं की सोवियत संघ नावाचा देश आता उरला नाही, त्याचे वेगवेगळे देश झाले. मी बातमी वाचली. अण्णांनी मान माझ्याकडे वळवली.

"मग त्या ओळीचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"बदलावी लागेल."

"बरं वाटू दे, मग बघू. पहिलीच ओळ आहे. जपून करावं लागेल."

पौषात ते गेले.

तेराव्याला मामा इंदूरहून आला. तो आईचा धाकटा भाऊ. एका शाळेत मुख्य कारकून होता, बोलायला मोठा आवाज आणि मनाने साधा. पाठशाळेच्या व्यवस्थापकांनी सांगितलं होतं की वर्षश्राद्ध होईपर्यंत कमरे ठेवा, पुढे नवे गुरुजी येतील. मुलगा विद्यापीठात शिकत असेल तर मात्र विद्यार्थ्यांसाठी असलेला एक कमरा देता येईल, आई त्याच्याबरोबर राहू शकेल. मामाने हे ऐकून घेतलं आणि आईपुढे बसला.

"ताई, तुम्ही दोघं इंदूरला चला. याला मी आमच्याच शाळेत चिकटवतो. इथे आता काय आहे?"

"गंगा आहे," आई म्हणाली.

"गंगा आहे ते मलाही दिसतंय. गंगा वरणभात रांधून घालते का?"

 दुसऱ्या दिवशी पहाटे आई घाटावर गेली आणि ओल्या लुगड्याने परत आली तेव्हा तिने क्षेत्रसंन्यास घेतला होता. काशीत राहिलेली माणसं म्हातारपणी असा संकल्प करतात: आता हे क्षेत्र सोडून पाऊल बाहेर टाकायचं नाही, इथेच मरायचं. दक्षिणेला अस्सी नाल्याच्या पलीकडे नाही, उत्तरेला वरुणा नदीच्या पलीकडे नाही, गंगा ओलांडून समोरच्या वाळूतही नाही.

मामा उभाच राहिला. "ताई, अगं पुष्कळ लोक सीमा पंचक्रोशीपर्यंत धरतात. तू एवढीशी का घेतलीस?"

"मोठी घेतली असती तर तू त्यातून वाट काढली असतीस."

मामाने कपाळावर हात मारला. मग तो माझ्याकडे वळला. "तू परीक्षा दे. जमलं तर राहा इथे. नाही जमलं तर शाळा उघडायच्या आत माझ्याकडे ये, जागेसाठी मी शब्द टाकून ठेवलाय. पण मग ही इथे एकटी, ते लक्षात ठेव."

"काशीत कोण एकटं असतं?" आई म्हणाली.

हे ती मामाला म्हणाली. पण माघात ती स्नान करून पायऱ्या चढताना चक्कर येऊन पडली. घाटावरच्या दोन बायकांनी तिला धरून घरी आणलं. कानशिलावर खोक पडली होती. बायका मला म्हणाल्या, "भइया, अम्मा को अकेले मत भेजा करो." मी हो म्हटलं. तिला मी अंथरुणावर निजवलं, हळद लावली, आणि अण्णांची पोथी उघडून बसलो. अक्षरं दिसत होती. त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. नंबर लागला नाही तर हिला पायऱ्यांवरून कोण उचलणार, एवढा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता, आणि गाईडात त्याला पर्याय दिलेले नव्हते.

रामघाटाजवळच्या एका वाचनालयात माझ्यासारखाच एक जण यायचा. गाजीपूरकडचा, माझ्याहून थोडा मोठा, तोही दुसऱ्यांदा बसणारा. बनारसी रिवाजाप्रमाणे तो सगळ्यांना गुरु म्हणायचा, वाचनालयाच्या मांजरालासुद्धा. काही दिवस तो मला नुसता पाहत होता. एके दुपारी त्याने खुर्ची ओढली.

"गुरु, एक बात बताओ. तुम इम्तिहान की तैयारी कर रहे हो कि सत्यनारायण की कथा बाँच रहे हो?"

मी त्याला संथेबद्दल सांगितलं. त्याने माझ्याकडे गमतीने नाही, काळजीने पाहिलं. मग विचारलं, "संविधान का अनुच्छेद इक्कीस?" मी डोळे मिटले आणि म्हणायला लागलो. तो बोटांवर मोजत राहिला. मी एकविसाव्यापर्यंत पोचलो तेव्हा तो म्हणाला, "जब तक तुम पहुँचे, हम तीन सवाल करके चाय पी आए."

त्याने माझी शिकवणी घेतली असं म्हटलं तरी चालेल. तो कुठूनही विचारायचा. राजधानी, लगेच नदी, लगेच कलम. माझे ओठ हलले की टेबलावर थाप. एकदा त्याने खिशातून पानाचा विडा काढला. "मुँह में दबा लो. होंठ अपने आप बंद रहेगा."

"वर्षभर पान खाता येत नाही. वडील गेलेत."

त्याचा हात तसाच राहिला. "अरे. माफ करना, गुरु." थोड्या वेळाने म्हणाला, "तो कंकड़ दबा लो. कंकड़ में तो कोई दोष नहीं?"

मी हिरडा दाबू लागलो. हिरडा औषध आहे, तो चालतो. सगळा दिवस गालात तुरट चव. त्याने ओठ थांबले पण आत अण्णांचा आवाज चालूच होता, आणि तो पहिल्यापासूनच सुरू व्हायचा. शिवाय आता पहिलीच ओळ चुकीची होती. सबसे बड़ा देश रूस असं मी म्हणून पाहिलं. शब्द आखूड पडला आणि चाल मोडली. चाल मोडली की महाद्वीप येईना, महाद्वीप आल्याशिवाय नदी येईना. अण्णा असते तर त्यांनी कुठे तरी एक शब्द भरून ओळ सांधली असती. मला ते जमलं नाही. मी कितीतरी सकाळी त्या एका ओळीपाशी बसून होतो. ती तशीच ठेवली तर उत्तर चुकत होतं आणि बदलली तर सगळंच जात होतं.

वाचनालयातल्या त्या मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "गुरु, बुरा मत मानना. माला तोड़नी पड़ेगी."

मला तेच ऐकायचं नव्हतं. अण्णांचा फोटो आमच्याकडे एकच होता, तोही एका मुंजीतला, गर्दीत, अर्धा चेहरा कोणाच्या तरी पागोट्यामागे. आवाज मात्र माझ्याकडे पूर्ण होता. मी डोळे मिटून सोवियत संघ म्हटलं की ते समोर बसायचे, आणि खोकण्याआधी ते जिथे थांबायचे तिथे मीही थांबायचो. त्यांनी मला दिलेलं दुसरं काही उरलं नव्हतं. ते मोडून मला पेपर सोडवायचा होता.

चैत्रात एका दुपारी मी तांबडं कापड सोडलं. पोथीची पानं कधी उलटीसुलटी करायची नाहीत, हे आमच्या घरात मुलांना अक्षरओळखीआधी शिकवतात. एखादं पान वाऱ्याने उडालं तर ते जागेवर ठेवून नमस्कार करायचा. मी ती सगळी पानं दोन्ही हातांत घेतली आणि पत्ते पिसतात तशी पिसली. मग पुन्हा पिसली. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"काय करतोस?"

"पानं मिसळतोय."

तिने एकदा पाहिलं. ओरडेल असं वाटलं. "खाली पडू देऊ नकोस," एवढं म्हणाली आणि आत गेली. आत तिने पाण्याचा हंडा हलवल्याचा आवाज आला. 

त्यानंतर मी रोज कुठलंही पान काढायचो, कुठूनही वाचायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळायचो. आधी काहीच राहीना. वैशाखापर्यंत असे दिवस गेले की माळही गेलेली आणि सुटे मणीही हातात नाहीत. मित्र विचारायचा आणि मला साधी राजधानी यायची नाही. एकदा मी त्याच्यासमोर डोकं टेबलावर ठेवलं आणि उचललंच नाही. तो शेजारी बसून राहिला. जाताना म्हणाला, "कल फिर." दुसऱ्या दिवशी मी गेलो, कारण घरी बसून आईच्या पायांकडे पाहत राहणं त्याहून कठीण होतं. ती हल्ली भिंतीला हात लावून चालायची आणि मी पाहतो आहे असं दिसलं की हात काढून घ्यायची.

हळूहळू उत्तरं येऊ लागली. आवाज नाही, चाल नाही, नुसतं उत्तर. कोणी विचारलं की शब्द समोर पडायचा. मित्र खूष झाला. मी घरी आलो, संध्येला बसलो, आणि संपल्यावर सहज म्हणून मनात पहिली ओळ म्हटली. सबसे बड़ा देश सोवियत संघ. सबसे बड़ा महाद्वीप एशिया. पुढे काही नाही. मी थांबून राहिलो. नदी कुठली ते मला ठाऊक होतं. पण ती सांगणारे अण्णा नव्हते.

परीक्षा ज्येष्ठात होती. विद्यापीठ अस्सीच्या पलीकडे, म्हणजे आईच्या सीमेबाहेर. तिने मला आदल्या दिवशी सांगितलं, "अस्सीपर्यंत मी येते."

"कशाला? ऊन किती आहे."

"मी विचारत नाही, सांगतेय."

सकाळी आम्ही नावेने निघालो. प्रवाह उलटा होता, नाववाला काठाकाठाने काठी टेकत नेत होता. अमृतराव घाट मागे पडला तेव्हा आई त्याच्या पायऱ्यांकडे पाहून म्हणाली, "इथे अण्णांनी मला पहिल्यांदा पोहायला शिकवायचा प्रयत्न केला. मी त्यांच्या शेंडीला धरलं." नाववाल्याला मराठी येत नव्हतं, पण तो हसला. आम्ही दोघं हसलो नाही.

अस्सीला ती घाटावरच्या पिंपळाखाली बसली. मी पायऱ्या चढून मागे पाहिलं. ती हात हलवत नव्हती, नुसती पाहत होती.

पेपर हातात आला. मी हिरडा गालात धरला आणि पहिल्या प्रश्नापासून निघालो. थांबावं लागलं नाही. मधल्या पानावर तो प्रश्न होताच: क्षेत्रफळाने सर्वांत मोठा देश. मी रूसवर खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेलो. त्याच्याही पुढच्या प्रश्नावर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. एवढे महिने ज्या ओळीपाशी अडून बसलो होतो ती ओळ मी ओलांडली होती आणि मला जाणवलंही नव्हतं. पर्यवेक्षक माझ्यापाशी एकदाही थांबले नाहीत. पेपर पुरा झाला, वेळ उरला.

आई पिंपळाच्या सावलीबरोबर सरकत दुसऱ्या बाजूला जाऊन बसली होती. गरम वाऱ्याची लू वाहत होती. तिचे ओठ सुकले होते.

"वेळ पुरला?"

"पुरला."

ती उठायला लागली, मी हात दिला. या वेळी तिने तो घेतला.

पहिल्या यादीत माझा नंबर नव्हता. मित्राचा होता. मी यादी वरून खाली, मग खालून वर वाचली. तो माझ्यामागे उभा होता आणि स्वतःचा नंबर सापडल्याचं त्याने मला सांगितलंच नाही, मीच पाहिलं. "गुरु, दूसरी लिस्ट निकलती है," तो म्हणाला. "लोग दिल्ली चले जाते हैं, इलाहाबाद चले जाते हैं. जगह खाली होती है." त्याने मला विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या लंका नाक्यावर लस्सी पाजायला नेलं. वर्षाच्या आत मला दुसऱ्याचं काही घेता येत नाही हे त्याला आठवलं तेव्हा त्याने मातीचे दोन्ही कुल्हड स्वतः प्यायले, रागाने, एकामागून एक.

त्या दिवसांबद्दल मी नीट लिहू शकत नाही. दुपारी मी घाटावर जाऊन पाण्यालगतच्या पायरीवर बसायचो आणि म्हणून पाहायचो. मोठ्याने म्हणायचो, कोणी नसलं की मान हलवूनही म्हणायचो, आता ओठ हलले तरी कोण थाप मारणार होतं. देश, महाद्वीप, आणि मग पाणी पायरीवर आपटल्याचा आवाज. मी त्यांना मोडून टाकलं होतं, आणि ज्यासाठी मोडलं तेही मिळालं नव्हतं. घरी आई असायची आणि तिच्याबरोबर काय बोलावं ते सुचायचं नाही. ती माझे कपडे धुऊन, घड्या घालून ट्रंकेत ठेवत होती. लोणच्याची बरणी कापडात गुंडाळत होती. तिने एकदाही विचारलं नाही की दुसरी यादी कधी लागणार.

"आई, तू स्नानाला जाऊ नकोस. घरीच पाणी आणून देईल कोणी."

"कोणी म्हणजे कोण?" ती घडीवर हात फिरवत म्हणाली. मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "बरं. नाही जाणार." मला ठाऊक होतं की ती जाणार.

मामा येऊन थडकला. त्याची आणि माझी इंदूरची तिकिटं काढली होती. त्याने ट्रंक पाहिली, कडी ढिली आहे म्हणून दोरी आणली आणि ट्रंक आवळून बांधली. निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, एकदा विद्यापीठात जाऊन येतो. मामा म्हणाला, "जा. पण आलास की ताईशी नीट बोल. गाडीत बसल्यावर रडशील तर मी काय करू?"

फलकावर नवा कागद होता. छोटा. माझा नंबर खालून तिसरा होता. मी तो पाहिला आणि माझा विश्वास बसला नाही. मी इतके दिवस तो आकडा मनात धरून होतो की आता कुठेही दिसला असता. शेजारी एक अनोळखी मुलगा उभा होता. मी बोट ठेवून म्हटलं, "भइया, यह नंबर ज़रा पढ़ दीजिए."

"क्यों, आँख नहीं है?"

"पढ़ दीजिए."

त्याने वाचला. मी त्याला पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी हळू, एकेक आकडा सुटा करून वाचला.

मी अस्सीपर्यंत चालत आलो की पळत, ते आठवत नाही. घरी मामा जिन्यात चपला पुसत होता. मी सांगितलं. तो पायरीवरच बसला. "खरं बोलतोस?" मग ओरडला, "ताई! अगं ए ताई!"

आई बाहेर आली. तिला मी पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे न पाहता मामाकडे पाहत म्हणाली, "याला कमरा मिळेल ना?"

"मिळेल. मी स्वतः व्यवस्थापकांना भेटून जातो."

"मग ठीक," आई म्हणाली आणि स्वयंपाकाकडे वळली. वर्ष पुरं व्हायचं होतं, घरात गोड काही करता येत नव्हतं. आतून बराच वेळ फोडणीचा वास आला नाही, मग आला. पौषापासून ती मला वाढून नंतर एकटी जेवायची. त्या दिवशी तिने तिसरं पान मांडलं आणि आमच्याबरोबर बसली.

मामाने आमटीचा भुरका मारला. "ताई, गूळ जास्त झालाय."

"झाला असेल."

"असेल काय, आमटीचा पाक झालाय हा."

"मग नको खाऊस." तिने त्याच्या वाटीत आणखी एक पळी वाढली. पळी हातात तशीच राहिली आणि ती रडू लागली. अण्णा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. पदर डोळ्यांना न लावता, ताटावर बसून, डाव्या हाताने जमीन दाबून ती रडत होती. मामा मान खाली घालून आमटी पीत राहिला. मीही पीत राहिलो. ती फार गोड होती.

जेवण झाल्यावर मामाने ट्रंक कोपऱ्यातून ओढली आणि बसून दोरीच्या गाठी सोडू लागला. त्यानेच आवळल्या होत्या, सुटत नव्हत्या. मी सुरी आणून दिली.

"कापू नको रे," तो म्हणाला. "चांगली दोरी आहे. मी घेऊन जाईन."